बुटातली उंची

ऑर्व्हिल प्रुइटने उभा जन्म दुसऱ्याच्या जागी उभं राहण्यात काढला. नट डेस्मंड केरिगन खुर्चीत कॉफी पीत बसायचा आणि ऑर्व्हिल दिव्यांखाली उभा राहायचा. प्रकाश जमला की नट यायचा, हा बाजूला व्हायचा. पडद्यावर तो कधी दिसला नाही, त्याची त्याला खंतही नव्हती. दोघांची उंची तंतोतंत एक, एवढ्यावरच त्याचं पोट चाललं होतं.

लॉस एंजलिसच्या स्टुडिओतला हा सिनेमा जुन्या वळणाचा होता. गुडघे गेलेला म्हातारा डिटेक्टिव्ह आपल्या जुन्या जोडीदाराचा खुनी शोधतो, अशी गोष्ट. पण कॅमेरामन साबो वैतागला होता. ऑर्व्हिलच्या चेहऱ्यावर लावलेला प्रकाश डेस्मंडच्या हनुवटीवर पडत होता.

"आजोबा, तुम्ही उंचीने आटलात की हो. डेस्मंडसाहेब बघा, अजून कसे ताठ."

म्हातारपण कुणाला चुकलंय? डेस्मंडही आटला होता, पण त्याच्या बुटात दोन बोटं जाडीची जास्तीची टाच दडवलेली होती. हे एकट्या ऑर्व्हिलला ठाऊक, कारण डेस्मंडला वाकवत नसे आणि त्याच्या नाड्या रोज हाच बांधायचा.

ऑर्व्हिलने डेस्मंडकडे, आपल्या इतक्या वर्षांच्या मित्राकडे पाहिलं. त्याने बूट काढले असते तर दोघं पुन्हा एका मापाचे झाले असते. डेस्मंड कॉफी ढवळत राहिला.

"दुसरा माणूस बघावा लागेल," साबो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नका."

"छे हो."

तोंड ऑर्व्हिललाही होतं. पण त्याने झाकली मूठ झाकलीच ठेवली.

दुपारी जोडीदाराच्या मरणाचा प्रसंग झाला. मेलेल्या मित्राचं डोकं मांडीवर घेऊन डेस्मंड असा रडला की साबोनेही डोळे पुसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ऑर्व्हिलनेही.

मग डेस्मंड खुर्चीत येऊन बसला. नाडी सुटली होती. सवयीने त्याने पाय पुढे केला आणि ऑर्व्हिल गुडघ्यावर बसला.

"ऑर्व्हिल, मी बोलणार होतो रे..."

"पाय हलवू नकोस."

नाडी बांधून तो कसाबसा उठला, कोट घेतला. दाराशी त्याच्या जागी आलेला नवा माणूस उभा होता. ऑर्व्हिलने त्याला जवळ घेऊन हळूच सांगितलं, "डावी नाडी सैल बांध, अंगठा दुखतो त्याचा. आणि आत काय दिसेल ते कुणाला बोलू नकोस."