गुलाबी पावती

मदतकार्यालयात तीन खिडक्या होत्या. पहिल्या दोन खिडक्यांवर पैसे मिळत, त्यामुळे तिथे रांग, ढकलाढकली आणि आरडाओरडा. तिसरी खिडकी तक्रारींची. तिथे माणसं हलक्या पावलांनी येत, मागे वळून बघत, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "तशी तक्रार काही नाही हो, पण..."

त्या 'पण'च्या पुढचं सगळं ऐकून घ्यायला ज्या बाई बसत, त्यांना सगळे ताईच म्हणत. आवाज इतका मऊ, की समोरचा तावातावाने आलेला माणूसही आपोआप खालच्या पट्टीत येई. सकाळची पहिली तक्रार लिहून घेतल्याशिवाय पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, हा त्यांचा रोजचा नेम. त्यावरून ऑफिसातली शिपाई मावशी त्यांची थट्टा करायची. "ताई, एखाद्या दिवशी सगळे सुखी असले तर तुमचं काय व्हायचं? तहानेने जाल!"

"तसा दिवस आला तर उपाशी राहायचीही तयारी आहे माझी," ताई म्हणायच्या.

घर एकटीने चालवणाऱ्या बायकांना दरमहा ठरावीक रक्कम देण्याची ही योजना होती. प्रत्येकीच्या नावाचं एक कार्ड. ते खिडकीवर दाखवलं की पैसे मिळत. दाखवणारा कोण आहे, हे कुणी फारसं बघत नसे. योजना सुरू झाली तशा तक्रारीही आल्या, आणि त्या हाताळायची रीत ताईंनीच बसवली. पैसे उशिरा आले तर पांढरा फॉर्म. यादीत नावच नसलं तर पिवळा. आणि घरातलंच कोणी पैसे हिसकावत असेल, धमकावत असेल, हात उगारत असेल तर गुलाबी. गुलाबी फॉर्म गठ्ठ्यात कुठेही असला तरी चटकन नजरेत भरावा आणि आधी हातात घेतला जावा, हा हेतू. फॉर्मचा खालचा तुकडा फाडून बाईला पावती म्हणून द्यायचा. त्यावर फक्त नंबर आणि तारीख. नाव नाही, मजकूर नाही. बाहेर कुणाला काही कळू नये म्हणून ताईंनी हे साहेबांशी वाद घालून मंजूर करून घेतलं होतं.

त्या मंगळवारी सकाळी पहिली आली ती काजं-बटणं करणारी. रेडिमेड कपड्यांच्या दुकानांसाठी घरबसल्या शिवणकाम करायची. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, पदरात सात वर्षांची मुलगी, घरात सासू आणि टेम्पो चालवणारा दीर. तिच्या बोटांच्या टोकांना सुईची बारीक छिद्रं होती आणि ती बोलताना सारखी ती चोळत होती.

"कार्ड भावजींच्या खिशात असतं, ताई. पैसे तेच घेतात. मागितले तर म्हणतात, घर मी चालवतो की तू?"

"तुम्ही कधी स्पष्ट बोलून बघितलंत?"

"एकदा बोलले. तर म्हणाले, घरातली गोष्ट ऑफिसात नेलीस, तर मशीन उचलून विकून टाकीन. आणि ते तसं करतील. मशीन गेलं तर मी काय करू? माझं तेवढंच आहे." तिने एकदा मागे वळून बघितलं. "त्यांना कळणार नाही ना?"

"अजिबात नाही," ताई म्हणाल्या. त्यांनी गुलाबी पावती फाडून तिच्या हातात ठेवली. "ही जपून ठेवा. यावर नंबर आणि तारखेशिवाय काही नाही."

दुपारी एक वाजता ताई रजिस्टरची पानं घेऊन फाटकाबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्या. दुकानदार तोंडाळ पण मनाने बरा माणूस. कागद मशीनवर ठेवता ठेवता म्हणाला, "आज सकाळीच गुलाबीने बोहनी झाली वाटतं तुमची!"

"काय म्हणालात?"

"अहो, ती बाई गेली ना, शिलाईवाली. हातात गुलाबी चिठ्ठी होती. गुलाबी म्हणजे घरचं भांडण, पिवळी म्हणजे यादीत नाव नाही. पांढरीवाल्या बायका तर बिनधास्त हलवत जातात." तो हसला. "एवढं तर आता रिक्षास्टँडवरच्या माणसांनाही पाठ झालंय, ताई."

झेरॉक्स तिथेच राहिली. आपण नाव झाकलं, मजकूर झाकला, आणि रंग मात्र हातात देऊन बाईला भर रस्त्यातून चालत पाठवलं! कितीजणींना पाठवलं असेल असं? देवा, हे माझ्या हातून झालं.

त्या तशाच आत आल्या आणि सकाळचा फॉर्म काढला. 'दीर, टेम्पोचालक, दुपारी तीनच्या सुमारास घरी येतो.' घड्याळात सव्वा वाजला होता. पत्ता वीस मिनिटांच्या अंतरावर. पण जायचं तरी कसं? ऑफिसची बाई दारात उभी राहिली, की पावती पाहायचीही गरज नाही. सगळी गल्ली समजून जाईल.

शिवायला काहीतरी न्यायला हवं. ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. फायली, टाचण्या, पाण्याचा जग. मग नजर साहेबांच्या रिकाम्या केबिनमधल्या खिडकीवर गेली. पडद्याची खालची दुमड कित्येक दिवस उसवून लोंबत होती. त्या आत जाऊन स्टुलावर चढल्या.

"अहो ताई! पडदा कुठे चालवलात?" शिपाई मावशी धावत आली.

"शिवून आणते."

"आत्ता? भर दुपारी? साहेबांच्या तोंडावर ऊन येईल ना!"

"येऊ दे थोडं. साहेबांना म्हणावं, मी येईपर्यंत खुर्ची सरकवून बसा."

मावशी तोंडाला पदर लावून बघत राहिली. ताई आवाज न चढवता असं काही बोलल्या, की त्यात बदल होत नसतो, हे तिला ठाऊक होतं.

गल्ली अरुंद होती. दोन्ही बाजूंना एक-एक खोलीची घरं, दारांसमोर वाळत घातलेले कपडे, पाण्याची पिंपं. शेवटच्या घराबाहेर टेम्पो उभा होता. तो आज लवकर आला होता. शिलाई मशीनचा आवाज मात्र येत नव्हता.

दारातून दिसलं ते असं. शिवणारी मशीनपाशी मान खाली घालून बसलेली. म्हातारी सासू भिंतीला टेकून शेंगा सोलतेय. आणि मधोमध तो, बनियनवर, हातात गुलाबी पावती.

"कोण पाहिजे?" त्याने विचारलं.

"पडदा शिवायचा होता," ताई म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना लांबून आल्यासारखा वाटला.

त्याने डोळे बारीक केले. "तुम्ही तीन नंबरच्या खिडकीवरच्या ताई ना? बरं झालं आलात! आता तुम्हीच सांगा, हे काय आहे?"

शिवणाऱ्या बाईने वर पाहिलं. तिचा चेहरा पार उतरला होता. ताईंनी मनातल्या मनात देवाला हाक मारली. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगता येत नव्हतं.

"ही पावती आहे," त्या म्हणाल्या.

"ते दिसतंय मला! गुलाबी आहे. म्हणजे माझ्याविरुद्ध ना? घरात दुसरा पुरुष आहे कुठे?"

"कशाला ओरडतोस?" भिंतीपाशी बसलेली सासू शेंग न सोडता म्हणाली. "ती माझी आहे."

"तुझी?"

"मग? गेल्या आठवड्यात काढली. तारीख बघ की. वाचता येतं ना?"

त्याने पावती डोळ्यांजवळ नेली. तारीख खरंच गेल्या आठवड्याची होती.

"आई! तू माझी तक्रार केलीस?"

"केली. जेवताना तोंडाने आवाज करतोस, म्हणून सांगितलं. बाईंनी सगळं लिहून घेतलं, बिचाऱ्यांनी."

ताईंना ती दुपार लख्ख आठवली. एक म्हातारी येऊन मुलाच्या जेवण्याबद्दल पाऊण तास बोलली होती, आणि आपण तिला एकटेपणा वाटत असेल म्हणून सगळं गंभीरपणे टिपून घेतलं होतं, घरच्या माणसाची तक्रार म्हणून गुलाबी फॉर्मवर.

"आणि मी एकटीच काय," म्हातारी पुढे म्हणाली, "समोरच्या कासारणीकडे आहे, नळापलीकडच्या दोघी बहिणींकडे आहे. ती कोपऱ्यावरची धुणेवाली, तिने तर नवरा घोरतो म्हणून काढली. जा, विचार. सगळ्या दाखवतील."

तो ताडकन दाराशी गेला आणि समोर ओरडला, "वहिनी! तुमच्याकडे गुलाबी चिठ्ठी आहे?"

"आहे की!" समोरच्या घरातून ठसकेबाज उत्तर आलं. "का? तुम्हाला पण हवीय? सांगू का ताईंना?"

आणखी दोन घरांतून हसण्याचा आवाज आला. तो परत आत येऊन खाटेवर बसला. राग कुठे टाकावा, ते त्याला कळेना. "वेडी झालीय ही सगळी गल्ली," तो पुटपुटला. "ऑफिसवाल्यांना कामं नाहीत आणि बायकांना धंदे नाहीत." पावती त्याने आईच्या मांडीवर टाकली, शर्ट चढवला आणि टेम्पो घेऊन निघून गेला.

टेम्पोचा आवाज गल्लीबाहेर विरला. मग ताई तिथेच जमिनीवर, पडदा मांडीवर घेऊन बसल्या.

"माझं चुकलं," त्या शिवणाऱ्या बाईला म्हणाल्या. "मला कळायला हवं होतं. तुमची पावती कुठेय?"

तिने मशीनचा बॉबिनचा खण उघडला. आत, दोऱ्यांच्या रिळांखाली, बारीक घडी केलेला गुलाबी कागद होता.

"ह्यांनाच विचारा," ती सासूकडे बघत म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू. "मला तरी कुठे माहीत होतं? आत्ताच कळतंय."

म्हातारीने शेंगांची टोपली बाजूला सारली. "अहो, बघता बघता कळलं की सगळ्यांना, कुठला रंग कशाचा ते. एका सुनेला मार बसला त्या कागदापायी, पलीकडच्या गल्लीत. मग आम्ही नळावर ठरवलं. जिला खरंच त्रास आहे, ती एकटी कशाला दिसायला पाहिजे? सगळ्याच घेऊ गुलाबी. मग कुणाची खरी, कोण शोधणार?"

"पण तुमचा तर मुलगा..." ताई म्हणाल्या.

"मुलगा आहे म्हणून काय झालं? ही पण माझीच आहे." म्हातारी जराशी चिडून म्हणाली. "तो वाईट नाही. पैसा हातात आला की स्वतःला मोठा समजतो, एवढंच. बापही तसाच होता. पण कार्ड त्याच्याकडून मी मागितलं तर भांडण होणार. ते काम तुमचं."

शिवणाऱ्या बाईने पडदा हातात घेतला, उसवलेली दुमड पाहिली, आणि काही न विचारता मशीन चालवायला लागली. ताईंनी पैसे देऊ केले तर तिने मान हलवली. मग ताई म्हणाल्या, "फुकटात घेतलं तर मला रात्री झोप लागणार नाही." तेव्हा तिने घेतले.

परत आल्यावर ताई थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. साहेब खरोखरच खुर्ची भिंतीकडे वळवून बसले होते.

"साहेब, तिन्ही फॉर्म आजपासून पांढरे करायचे. आतल्या रजिस्टरमध्ये खूण आम्ही करू. बाहेर रंग जायला नको."

"एवढे रंगीत गठ्ठे छापून घेतलेत, त्यांचं काय?"

"चूक माझी आहे. माझ्या पगारातून कापा."

साहेबांनी हात झटकला. "बसा हो. पगार कापायला निघाल्यात."

"आणखी एक. कार्ड ज्या बाईच्या नावाचं, तिनेच खिडकीवर यायचं, हा नियम कागदावर आहे. पाळत कोणी नाही. पुढच्या वाटपाला तो सगळ्यांना लावायचा. एका गल्लीला नाही, सगळ्यांना. आणि कार्ड माझ्याजवळच ठेवीन, असं प्रत्येकीकडून सही घेऊन लिहून घ्यायचं. म्हणजे कुणाच्या तक्रारीमुळे हे झालं, असं कुणाला वाटणार नाही."

रांग वाढेल, गोंधळ होईल, वरून फोन येतील, असं सगळं साहेबांचं म्हणून झालं. शेवटी म्हणाले, "सूचना लिहून आणा. सही करतो. आणि तो पडदा लावा आधी."

वाटपाच्या दिवशी रांग फाटकाबाहेर गेली. बायका कुरकुरत होत्या, म्हाताऱ्या खुर्च्या मागत होत्या, शिपाई मावशी घसा बसेपर्यंत ओरडत होती. ताईंनी तिसरी खिडकी अर्धी सोडून सह्या घेण्याचं काम अंगावर घेतलं होतं. साडेअकराला टेम्पो फाटकाशी थांबला. शिवणारी उतरली, आणि खिडकीपर्यंत दीरही तिच्याबरोबर आला.

"काय नवीन काढलंय हे? माझी एक फेरी बुडाली," तो म्हणाला.

"सगळ्यांचीच बुडतेय," ताई म्हणाल्या. "कार्ड तुमच्या वहिनींकडे द्या. सही त्यांना करायचीय."

त्याने मागच्या रांगेकडे पाहिलं. समोरची कासारीण कमरेवर हात ठेवून त्याच्याकडेच बघत होती. खिशातून कार्ड काढून त्याने वहिनीपुढे धरलं. तिने कागद वाचला, हळूहळू, एकेका शब्दावर बोट ठेवून, आणि सही केली. पहिल्या खिडकीवर पैसे घेतले, मोजले आणि पाकिटात ठेवले.

फाटकाशी त्याने नेहमीसारखा हात पुढे केला. खिडकीतून ताईंना ऐकू येत नव्हतं. फक्त दिसत होतं. ती काहीतरी म्हणाली. त्याने काहीतरी उत्तर दिलं. ती परत म्हणाली, तेवढंच, मान वर करून. पैशांतल्या काही नोटा तिने त्याच्या हातावर ठेवल्या आणि कार्ड ब्लाउजच्या आत सरकवलं. मग त्याने मान झटकली आणि टेम्पोचं पुढचं दार तिच्यासाठी उघडलं, जरा जोरातच.

टेम्पो वळून दिसेनासा होईपर्यंत ताई बघत राहिल्या. समोर एक बाई केव्हाची उभी होती.

"ऐकताय ना ताई? तशी तक्रार काही नाही, पण..."

"ऐकतेय," ताई म्हणाल्या आणि पांढरा फॉर्म पुढे ओढला. "बसा. सावकाश सांगा."