पुष्पलताबाईंचा खरा रंग

मी पुष्पलताबाईंची तसबीर बोलतेय. तसबिरी गप्प असतात असं वाटत असेल, तर तुम्ही माझ्या बाईंना भेटलेला नाहीत.

माझा जन्म बहारीनचा, उम्म अल हस्सममधल्या एका फ्लॅटमधला. मला रंगवलं एफुआने. ती मूळची घानाची. तिची आजी हातमागावर कापड विणायची, तिच्याकडून हिने भडक रंग घेतले. चित्रकला शिकली ब्रसेल्सला, तिथल्या जुन्या चित्रांतून काळोख आणि लेसच्या झालरी उचलल्या. समोरच्या फ्लॅटमधल्या पुष्पलताबाईंनी वाटीभर चटणी देऊन तिच्याशी मैत्री केली.

लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून जगदीशरावांनी तिला बायकोचं चित्र काढायला सांगितलं. बाई समोर बसल्या, पण बोलायच्या थांबेनात. माझे ओठ एफुआला पुन्हा पुन्हा पुसावे लागले.

शेवटी माझ्यावरचं फडकं निघालं. पांढऱ्या साडीच्या काठावर घानाची पिवळी-हिरवी नक्षी, मुखवट्यासारखे लांब डोळे, आणि गळ्याभोवती युरोपातल्या सरदारणींची भलीमोठी गोल झालर.

"ऑपरेशन झाल्यावर मांजराच्या गळ्यात घालतात, तसलं काय हे?" जगदीशराव म्हणाले. "आणि तिला सांग, रंग जरा उजळ कर म्हणावं."

"पप्पा, आय ॲम नॉट सेइंग दॅट," श्रावस्ती, त्यांची लेक, म्हणाली.

मग ते स्वतःच म्हणाले, "मॅडम, लिटल फेअर, प्लीज."

एफुआने पांढऱ्या रंगात ब्रश बुडवला आणि त्यांच्याच हातात दिला. "यू डू इट."

ब्रश माझ्या गालाशी आला. मी डोळे मिटणार होते, पण ते उघडेच रंगवलेले!

"अहो," पुष्पलताबाई म्हणाल्या, "लग्नाच्या अल्बममध्येही मला पांढरीफटक केली होती. तुमच्याच आईने विचारलं होतं, ही कोण?" मग आवाज खाली आला. "आज पहिल्यांदा कुणीतरी मला माझ्या रंगात बघितलंय. पुसायचं तर पुसा."

पांढरा थेंब जगदीशरावांच्या नव्या पँटवर पडला. त्यांचं लक्षच नव्हतं. ते एकदा माझ्याकडे बघत, एकदा बाईंकडे.

"खलास," त्यांनी ब्रश खाली ठेवला. "राहू दे. छान दिसतेस."

कुणाला म्हणाले, कळलं नाही. आम्ही दोघीही लाजलो.

आता मी त्यांच्या हॉलमध्ये असते. एफुआ प्रदर्शनासाठी मला मागायला आली, तर जगदीशरावांनी अरबी-हिंदीच्या खिचडीत नकार दिला, "मफी मॅडम, तुम दूसरा बनाओ." पाहुणे विचारतात, ही आफ्रिकेतली कुठली राणी? "अंबरनाथ ईस्ट," ते ताठ मानेने सांगतात.

तुम्ही कधी आलात तर एवढंच करा. आधी मला नीट बघून घ्या, मग चहाचा घोट घ्या. उलट केलं की ठसका लागतो, आणि चहा माझ्यावर उडतो.