रोमन सुरईचा कान

देव अक्कल वाटत होता तेव्हा आमचे प्रल्हादशेठ सत्काराची शाल घ्यायला गेले असावेत. नालासोपाऱ्याच्या इतिहास मंडळाचे ते अध्यक्ष. का, तर त्यांच्या वाडीत विहीर खणताना एक खापर निघालं! विहीर खणली मजुरांनी, मातीच्या ढिगातून खापर उचललं मी, आणि हार यांच्या गळ्यात.

खापर मात्र देखणं. मोठ्या सुरईचा खांदा आणि त्याला दुहेरी कान, मातीच्या दोन वळ्या शेजारी शेजारी चिकटवून केलेला. लालसर मातीत ज्वालामुखीच्या वाळूचे काळे, चकाकते कण. अशी माती इटलीची, असा कान दोन हजार वर्षांपूर्वीचा. आतून डांबरासारखा काळा थर. पुण्याच्या तज्ज्ञ बाईंनी फोनवर बजावलं होतं, "आशालता, तो थर तपासला की कुठलं, केव्हाचं, सगळं पक्कं होईल. तोवर पाण्याचा थेंब लावू देऊ नकोस." मी ते शेठना शंभरदा सांगितलं. मंडळाने मंडप घालून भरवलेलं प्रदर्शन संपलं की खापर मी पुण्याला नेणार होते. आयुष्यभर कॉलेजात दुसऱ्यांचे शोध शिकवले, हा एकच माझा स्वतःचा.

प्रदर्शनात खापरापुढे ठेवायला मी चिठ्ठी लिहिली : 'रोमन सुरईचा तुकडा, इसवी सनाचं पहिलं शतक.' शेठनी ती वाचून चष्मा काढला.

"रोमन? मग हे भुईगावच्या चर्चला द्या ना, बाई. आपल्या मंडपात रोमन कॅथलिक कशाला?"

हसावं की डोकं आपटून घ्यावं! कुणाच्या शाळेच्या दाखल्यावर 'रोमन कॅथलिक' वाचलं असेल, तेवढाच यांचा रोम.

"अहो शेठ, तेव्हा रोममध्ये चर्च कुठलं? ते लोक मूर्तिपूजक. देवळं, धूप, नैवेद्य, सगळं होतं त्यांच्यात."

"मूर्तिपूजक?" शेठचा चेहरा उजळला. "मग आधी नाही का सांगायचं!"

चला, एकदाचं डोक्यात शिरलं, म्हणून मी खुशीत घरी गेले.

उद्घाटनाच्या सकाळी मंडपात पाऊल टाकलं तर खापर लाल कापडावर, पुढे नारळ, उदबत्ती. चिठ्ठीवर 'रोमन सुरई' खोडून 'पूर्वजांचा कलश'. आतला काळा थर काथ्याने घासून पार काढलेला आणि त्या जागी तेलात कालवलेला शेंदूर, बोटभर जाड.

माझ्या हातातली पर्स खाली पडली. "शेठ, काय केलंत हे? मी सांगितलं होतं ना!"

"अहो, लक्षात होतं की!" शेठ दुखावल्यासारखे झाले. "पाण्याचा थेंब लावला नाही, बाई. सगळं दुधाने धुतलं."