मध्यम भरलेली पिशवी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, शिरूरच्या एका स्कॅन सेंटरात, नथानिएल जावळे लघवीला गेले. असं काही घडलेलं नाही. घरच्यांचं तेच म्हणणं आहे, आणि आपणही तेच धरून चालू.

हे नथूमामा म्हणजे दौंडचे रिटायर मालगाडी ड्रायव्हर. मालगाडीच्या इंजिनात सगळं होतं, संडास तेवढा नव्हता. या एका उणिवेवर मामांनी पस्तीस वर्षांत नाव कमावलं. दौंड ते मनमाड, वाटेत सतरा सिग्नल लाल, अकरा तास, आणि मामा खाली उतरले नाहीत, हे रेल्वे कॉलनीत सगळ्यांना पाठ होतं. निरोप समारंभात साहेब 'संयम' हा शब्द तीनदा बोलले. तिन्ही वेळा टाळ्या कशासाठी पडल्या, ते मामांना नीट कळलं.

लघवीच्या त्याच पिशवीतून फेब्रुवारीत रक्त पडलं. पुण्याच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, तर आत गाठ. कॅन्सरची. आता प्रश्न एवढाच, की गाठ पिशवीच्या अस्तरावरच बसली आहे की खालच्या स्नायूत घुसली आहे. अस्तरावर असेल तर दुर्बिणीतून खरवडून भागणार. स्नायूत घुसली असेल तर अख्खी पिशवी काढायची आणि पोटावर बाहेरून प्लास्टिकची चिकटवायची. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनआधी एमआरआय काढून आणा. शिरेतून औषध सोडलं की गाठ लगेच उजळते, तिच्याखाली स्नायू काळा राहतो. ती काळी रेघ अखंड दिसली म्हणजे जिंकलो.

मरणाचं मामांना फारसं काही वाटलं नाही. ते प्रभूचं डिपार्टमेंट आहे, असं त्यांनी पाळकसाहेबांना सांगून टाकलं होतं. पण जुनी पिशवी जाऊन जी नवी येणार, तिला धरून ठेवणं म्हणजे काय हेच माहीत नसणार, ती आपली येईल तसं गोळा करत बसणार, हा विचार मात्र त्यांना सोसेना.

सेंटरने दिलेल्या कागदावर लिहिलं होतं: एक तास आधी लघवीला जाऊन यावे, मग अर्धा लिटर पाणी प्यावे, पिशवी मध्यम भरलेली असावी. मामांनी तो दोनदा वाचला आणि नवशिक्यांसाठी असावा असं ठरवलं. पहाटे पाचला ते दोन तांबे पाणी प्यायले. चौफुल्याला आणखी एक बाटली. न्हावऱ्याच्या स्टँडवर एसटी दहा मिनिटं थांबली, निम्मी गाडी आडोसा शोधत पांगली. मामा खिडकीशी बसून राहिले. बायकोने, प्रेमाबाईंनी, डोळ्यांनीच विचारलं, तर म्हणाले, डॉक्टरला भरपूर दिसू दे की.

सेंटरात तेजश्री नावाची तळेगाव ढमढेऱ्याची मुलगी मशीन चालवत होती. तिने घड्याळ, पट्टा, कवळी काढून घेतली, हाताला सुई लावली आणि मामांना आत सरकवलं. पहिल्याच फोटोत सगळं धुरकट. मामांच्या मते ते तसूभरही हलले नव्हते. मशीनच्या मते ते थरथरत होते, आणि पिशवी इतकी ताणली होती की तिची भिंत कागदासारखी झाली होती. रेघ दिसणार कुठून? तेजश्रीने त्यांना बाहेर ओढलं.

"मामा, अर्धी सोडून या."

"पोरी, मालगाडी कवा अर्धी थांबती का? थांबती, न्हाईतर न्हाई."

"मग आजचे फोटो वाया गेले म्हणायचे. पुढची तारीख तीन आठवड्यांनी हाय. तवर गाठीला सांगून ठेवा थांबायला."

मशीन गुरगुरत होतं. दारातून प्रेमाबाई हळूच म्हणाल्या, "अहो, पिशवी ऱ्हायली तर धरून ठेवाल नव्हं?"

त्यानंतर जे घडलं ते घडलेलं नाही.

चार मिनिटांनी मामा परत आले ते लाल सिग्नल ओलांडलेल्या ड्रायव्हरच्या चेहऱ्याने. औषध थंडगार होऊन दंडात चढलं, मशीनने ठोकाठोक सुरू केली, आणि पुढची वीस मिनिटं मामांची पापणीसुद्धा हलली नाही. आत त्यांनी स्वतःसाठी प्रार्थना केली नाही. रेघेसाठी केली.

गुरुवारी रिपोर्ट आला. रेघ अखंड. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, पक्कं काय ते तुकडा तपासल्यावर, पण आज तरी दुर्बिणीवर भागेल असं दिसतंय. प्रेमाबाई पदरात रडून घेऊन तशाच चर्चला गेल्या. मामा मात्र रिपोर्टमधल्या एका इंग्रजी ओळीवर अडून बसले. तिचा अर्थ त्यांनी कॉलनीतल्या तिघांकडून करून घेतला. दुर्दैवाने तिघांनी एकच सांगितला. मग अ‍ॅडमिट व्हायची पिशवी भरायची सोडून ते टेबलाशी बसले आणि त्यांनी सेंटरच्या व्यवस्थापकांना लिहिलं:

"महोदय, अहवालातील गाठ, स्नायू व रेघ यांबाबतच्या मजकुराशी अर्जदार पूर्ण सहमत आहे. तथापि 'रुग्णास मध्येच लघवीस पाठवून तपासणी पूर्ण केली' ही नोंद पूर्वलक्षी प्रभावाने रद्द करून, सदर चार मिनिटांचा थांबा मशीनच्या तांत्रिक कारणास्तव झाला अशी दुरुस्ती व्हावी, आणि सुधारित अहवाल, रेल्वे कॉलनीच्या नोटीस बोर्डावर लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत, ऑपरेशनपूर्वी मिळावा, ही नम्र विनंती."