चंद्रावतीचा उजवा हात

आगर गावची चंद्रावती म्हणजे डहाणूच्या मासळीबाजारातली तोफच! पण तिचा उजवा खांदा असा काही धरला, की पाटी डोक्यावर चढेना, अंबाडासुद्धा घालता येईना. रोज सकाळी सून रुपल तिचे केस विंचरून गजरा माळायची. मायेनेच माळायची, पण चंद्रावतीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज केस गेले सुनेच्या हाती, उद्या पाटीही जाणार. मग आपण काय घरी बसून सुकटावरचे कावळे हाकायचे?

डहाणू रोडला निधी नावाची तरुण डॉक्टर होती. तिने सांगितलं, "मावशी, तुमचंच रक्त काढायचं, यंत्रात फिरवायचं आणि त्यातला कामाचा भाग खांद्यात सोडायचा."

"वा गं बाई! माझेच बोंबील मलाच विकतेस?"

डॉक्टरबाई खळखळून हसल्या. "कुणाला गुण येतो, कुणाला नाही. खात्री मी देणार नाही हं."

'माल ताजा नाही' असं गिऱ्हाइकाला आपणहून सांगणारी बाई चंद्रावतीने जन्मात पाहिली नव्हती. तिचा तिथेच जीव जडला. "टोच," ती म्हणाली.

सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत डॉक्टरबाईंनी सुई घातली. थोड्या वेळाने चंद्रावती हात उचलून बघते तर दुखणं गायब! "अगं, जादूच केलीस की!"

"माझी कसली जादू? आधी बधिर करायचं औषध दिलं ना, त्याचा परिणाम. संध्याकाळी ठणकेल. मला न विचारता दुखण्याची गोळी घ्यायची नाही, आणि मी सांगेपर्यंत पाटीला हात लावायचा नाही."

याआधी दुसऱ्या एका डॉक्टरकडे चंद्रावतीने थोड्या का सुया टोचून घेतल्या होत्या? 'बघा, लगेच गुण!' म्हणून तो स्वतःची पाठ थोपटून घ्यायचा, आणि घरी पोचेपर्यंत हिची पुन्हा बोंब. ही पोरगी मात्र आयता आलेला मान नको म्हणत होती.

संध्याकाळी खांदा जो ठणकला म्हणता! चंद्रावती कण्हत कण्हत रुपलला म्हणाली, "बोलली तस्संच झालं गं! पोरगी खरी आहे."

मग व्यायाम करता करता हात हळूहळू वर जाऊ लागला. काही महिन्यांनी ती चांगला थोरला पापलेट घेऊन दवाखान्यात हजर झाली.

"मावशी, आम्ही शाकाहारी हो," डॉक्टरबाई संकोचून म्हणाल्या.

"अगं माझे आई! मग तुला देऊ तरी काय?"

तिने आपल्या अंबाड्यातला गजरा काढला, अर्धा तोडला. डॉक्टरबाई तिच्याहून चांगल्या वीतभर उंच. चंद्रावतीने उजवा हात वर, आणखी वर नेला आणि गजरा त्यांच्या केसांत माळला.

"दुखतं का अजून?"

"जरासं," चंद्रावतीचे डोळे भरून आले. "पण आज हा गजरा माझा मी माळला होता."