जुन्या मालकाची संमती

काकासाहेब दहातोंडे इलेक्ट्रॉनिक्स उत्पादकांच्या संघटनेचे कितीतरी वर्षं अध्यक्ष होते आणि आता त्यांना त्या खुर्चीचा कंटाळा आला होता. नगरच्या एमआयडीसीतले एलईडी दिव्यांची, पंपाच्या स्टार्टरची सर्किटं बनवणारे लहान कारखानदार त्यांचे सभासद. वीज क्षणभर गेली तरी सोल्डरिंगच्या भट्टीतला माल वाया जातो, म्हणून वीजवाल्यांकडे जायचं. सुटे भाग सगळ्यांनी मिळून मागवायचे. कुणाचा टेम्पो अडला तर जाऊन भांडायचं. ही सगळी धावपळ काकासाहेबांच्याच वाट्याला. बाकीचे सभासद चहाच्या वेळेला हजर.

मागच्या वर्षी त्यांनीच एक ठराव मांडला होता. सोल्डरिंगवर एखाद्या पोरीचा हात बसला की शेजारचा कारखानदार पगार वाढवून तिला उचलून नेई, आणि त्यावरून रोजची भांडणं. म्हणून ठरलं, जुन्या मालकाच्या संमतीशिवाय कुठल्याही सभासदानं दुसऱ्याकडचा कामगार घ्यायचा नाही. टाळ्या पडल्या. भांडणं थांबली.

थंडीतल्या एका सकाळी दिपाली नावाची पोरगी संघटनेच्या कार्यालयात आली. पाथर्डी रस्त्यावरच्या गावची, विशीतली.

"साहेब, मला तुमच्या कारखान्यात घ्या," ती दारातूनच म्हणाली.

"आत्ता कुठं आहेस?"

"सहादेवशेटकडं. काम चांगलं हाय. पन सुट्टी सातला हुती आन् गावाची शेवटची गाडी साडेसहाला जाती. मग जीपला लटकून जायचं, न्हाईतर कुनाच्या गाडीवर मागं बसायचं. आई-बाप ऊसतोडीला गेल्यात. धाकटी बहीन एकलीच दार लावून बसती. तुमच्याकडं साडेपाचला सुट्टी हुती म्हनून आले."

"सहादेवला सांगितलंस?"

"सांगितलं. ते म्हनले, मी संमती देनार न्हाई. आनखी दोन ठिकानी गेल्ते. समदे तेच म्हनले." ती आत येऊन टेबलाशी उभी राहिली. "साहेब, ह्यो नियम कुनी केला?"

काकासाहेबांनी पाण्याचा ग्लास तिच्यापुढं सरकवला. "आम्हीच," ते म्हणाले.

दुपारी ते सहादेवकडे गेले. सहादेव माणूस वाईट नव्हता. स्वतः मशीनवर उभा राहून काम करणारा, वयानं लहान, काकासाहेबांना मान देणारा. पण त्यानं नकाराची मान हलवली.

"माझा माल संध्याकाळीच निघतो. हिला सोडली तर उद्या पाच जणी दारात उभ्या राहतील."

"मग तिला तेवढी साडेपाचला सोड."

"लाईनवरची एक उठली की पुढच्या सगळ्या थांबतात. तुम्हाला काय सांगायचं? आणि नियम तुमचाच आहे, काकासाहेब."

पुढच्या बैठकीत काकासाहेबांनी तो ठराव मागं घ्यायचा विषय काढला. सभासदांनी मोबाईल काढले. हात वर करा म्हटल्यावर त्यांच्याखेरीज दोनच हात वर गेले, त्यातला एक लगेच खाली आला.

घरी त्यांची बायको सुरेखा भाजी निवडत बसली होती. त्यांचा कारखाना खरं तर तीच बघायची. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पटत नाही तर पाळता कशाला?"

"अध्यक्षानंच मोडायचा?"

"मग अध्यक्ष राहू नका."

सोमवारी दिपाली त्यांच्याकडे कामाला लागली आणि त्याच दिवशी, कुणी मागायच्या आत, काकासाहेबांनी अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. सहादेव अध्यक्ष झाला आणि नियम मोडला म्हणून काकासाहेबांना सुट्या भागांच्या एकत्र खरेदीतून वगळलं गेलं.

एकटं पडणं काय असतं ते त्यांना महिनाभरातच कळलं. सुटे भाग एकट्यानं मागवायचे तर महाग पडत, शिवाय पुण्याचा व्यापारी लहान गिऱ्हाईक म्हणून मागं ठेवी. चौकात समोरून येणारी ओळखीची माणसं फोन कानाला लावून निघून जात. एक मशीन बंद ठेवावं लागलं तेव्हा सुरेखाचाही चेहरा उतरला. दिपालीला ते दिसत होतं. "माझ्यामुळं झालं व्हय?" तिनं एकदा विचारलं. "तू तुझं काम कर," काकासाहेब म्हणाले. खोटं बोलायचंही त्यांच्यात त्राण उरलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाला सुप्याकडच्या एका मोठ्या कंपनीनं गावागावांतून कामगार न्यायला बस सुरू केली. सभासदांकडच्या हात बसलेल्या पोरी एकामागून एक तिकडे निघून गेल्या. ती कंपनी संघटनेची सभासद नव्हती. संमती कोण कुणाला मागणार? एका दुपारी सहादेव काकासाहेबांच्या शेडमध्ये येऊन खुर्चीत बसला.

"निम्मी लाईन रिकामी आहे," तो म्हणाला. "एसटीची एखादी उशिराची गाडी मिळाली असती तर?"

"आपण विजेसाठी गेलो, रस्त्यासाठी गेलो. पोरी घरी कशा जातात, हे कुणी विचारलं का?"

"तुम्हीही नाही विचारलं."

"मीही नाही."

दोघं मिळून एसटीच्या डेपोत गेले, मग पुन्हा गेले, मग निरनिराळ्या साहेबांच्या टेबलांसमोर जाऊन बसले. शेवटी दिवाळीच्या आधी सव्वासातची गाडी सुरू झाली. गेलेल्या पोरींपैकी कुणी परत आली नाही. नव्या आल्या, त्यांना पहिल्यापासून शिकवावं लागलं. ठरावही एका बैठकीत रद्द झाला. 

त्यानंतर सहादेव पुन्हा आला. "काकासाहेब, खुर्ची परत घ्या. माझ्यानं होत नाही हे. सगळे माझ्याच नावानं ओरडतात."

"माझ्यानंही होत नव्हतं रे."

"मग कुणी करायचं?"

काकासाहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले. "जिथं जायचं तिथं मी तुझ्याबरोबर येईन. पण मला पुढं बसायला सांगू नकोस."

सहादेवनं मान डोलावली. सुरेखानं चहा आणून ठेवला. दोघांनाही उठायची घाई नव्हती.