घरभर रडवणारे मूळ

मित्रांनो, मी एक जुने, वेडेवाकडे मूळ आहे. लोक मला हॉर्सरॅडिश म्हणतात. मोहरी आणि मुळा हे माझे भाऊबंद. मातीतून उपटून मला नाकाशी धरलेत, तर ओल्या मातीखेरीज तुम्हाला कसलाही वास येणार नाही. पण किसणीवर एकदा घासून बघा! माझ्या पेशींमध्ये दोन पदार्थ वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. पेशी फुटली की ते एकमेकांना भेटतात आणि त्यातून माझा तिखटपणा जन्माला येतो. म्हणजे जोवर मला कोणी दुखवत नाही, तोवर मी अगदी गरीब आहे.

मला या बागेत आणले ते ताईने. ताई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण आहे. तिने आणलेला माझा तुकडा बोटाएवढा जाड आणि वीतभर लांब होता. वरचे टोक सपाट कापलेले, खालचे तिरके.

"सपाट बाजू वर, तिरकी खाली," तिने आपल्या धाकट्या भावाला बजावले. "उलटं लावलंस तर बिचारं डोक्यावर उभं राहील."

हा भाऊ गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर लोकांना "हळू, हळू" सांगून त्याचा सगळा धीर तिथेच संपतो. घरी तो घाईचा पुतळा असतो. त्याने मला खड्ड्यात टाकले, पायाने माती लोटली आणि चहा प्यायला गेला. ताईने मागून येऊन मला पुन्हा काढले आणि नीट तिरके निजवून लावले.

मग माझे चांगले दिवस सुरू झाले. थंडीने पाने सुकली की ताई मला खणून काढी. जाड मूळ स्वयंपाकघरात नेई आणि बाजूची बारीक मुळे, सपाट-तिरकी कापून, पुन्हा मातीत लावी. तेव्हा त्यातले 'मी' कोणते, असे मला विचारू नका. सगळीच मी.

किसायला ती मागच्या पायरीवर बसे, वाऱ्याकडे पाठ करून. कीस थोडा वेळ तसाच ठेवी, कारण माझा तिखटपणा चढायला जरा अवकाश लागतो. तो हवा तेवढा चढला, की वर व्हिनेगर ओती. आंबट पडले की माझे चढणे थांबते. ही वेळ ताईला बरोबर साधत असे. उकडलेल्या बटाट्यांबरोबर मी कँटीनमध्ये गेलो, की कामगार डोळे पुसत म्हणत, "ताई, आज मेंदूपर्यंत रस्ता मोकळा झाला!" हे ऐकून कोणाला मूठभर मांस चढणार नाही?

पण भावाला गाजरे लावायची होती. ताई कामावर गेलेली असताना त्याने माती उकरणारे यंत्र आणले आणि माझ्यावरून उभे-आडवे फिरवले. बायकोला, म्हणजे आमच्या वहिनीला, म्हणाला, "बघ, झाला निकाल!"

मित्रांनो, माझा एक तुकडा म्हणजे एक नवे रोप. त्याने माझे तुकडे केले आणि वाफाभर पेरले. पुढच्या हंगामात गाजरांच्या प्रत्येक ओळीत मीच डोके वर काढले.

"अहो, गाजरं कुठायत?" वहिनीने खिडकीतून विचारले.

"हे मूळ माझ्या मुळावर उठलंय!" भाऊ ओरडला.

"अरे शहाण्या," ताई हसत म्हणाली, "मुळावर तर तू उठला होतास. ते नुसतं उठून उभं राहिलं."

त्या दिवसापासून भाऊ मला पाण्यात पाहू लागला. मी मात्र जोमाने वाढत राहिलो. राग धरायला मला वेळच नव्हता.

त्याच वर्षी थंडीत ताईला ताप आला. ताप उतरला, पण जाताना तिची वास घेण्याची शक्ती घेऊन गेला. वहिनीने मला खणून ओल्या वाळूच्या बादलीत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवले होते. त्यामुळे पुढचे सगळे मी जवळून पाहिले.

एका सकाळी ताई ओट्याकडे पाठ करून शेंगा मोडत होती. मागे दूध उतू जाऊन करपले. घरभर करपल्याचा वास सुटला. वहिनी धावत आली. "ताई, दूध!"

"काय झालं दुधाला?" ताईने शांतपणे विचारले. मग मागे वळली आणि तिचा चेहरा उतरला.

कँटीनमध्येही तसेच झाले. आंबलेले सूप तिने न चाखताच वाडग्यांत वाढले. ते तोंडापर्यंत जाण्याआधी कोणीतरी ओळखले म्हणून बरे. त्या संध्याकाळी तिने कँटीनच्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या.

"उद्या या परत देऊन येते. नाक नसलेली स्वयंपाकीण काय कामाची? कोणाच्या तरी जिवावर बेतेल."

भाऊ उठला आणि थेट माझ्या बादलीशी आला.

"अहो, तुम्हाला किसता येतं का?" वहिनीने विचारले.

"त्यात काय येण्यासारखं? तिला आवडतं ना, मग करतो."

बाहेर थंडी होती म्हणून या गृहस्थाने सगळ्या खिडक्या लावल्या, दारही लोटले आणि मला किसणीवर घासू लागला. मी माझे काम चोख केले. पहिल्यांदा तो शिंकला. मग वहिनी खोकत बाहेर पळाली. भाऊ डोळे मिटून, रडत रडत, तरीही किसतच राहिला.

ताई दार ढकलून आत आली. "मूर्खा, दारं-खिडक्या लावून कोणी..." आणि ती थांबली. तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. तिने नाक दाबले, सोडले आणि पुन्हा खोल श्वास घेतला.

"झोंबतंय," ती म्हणाली. "अरे, मला झोंबतंय!"

"म्हणजे वास आला?" भावाने एक डोळा उघडला.

"वास नाही. झोंबतंय!"

तिचे म्हणणे बरोबर होते. वासाची बातमी मेंदूला नेणारी नस वेगळी आणि झोंबण्याची वेगळी. तापाने पहिली निजवली होती. दुसरी टक्क जागी होती.

ताईने खिडकी उघडली आणि डबे काढले. मीठ चाखले, लिंबू चाखले, साखर, कडू कोको. "जीभ जागेवर आहे," ती म्हणाली. "गेलाय तो फक्त वास."

"वासाला मी येते की," वहिनी दारातून डोळे पुसत म्हणाली. "दूध, सूप, मांस, सगळं आधी माझ्या नाकाखालून जाईल. नाही तरी यांचे मोजे मी लांबून ओळखते."

भाऊ डोळे पुसत हसला. ताईने किल्ल्या उचलल्या आणि पुन्हा नेहमीच्या खिळ्याला अडकवल्या. सकाळी दोघी मिळून कामाला गेल्या.

तिची वासाची जाणीव अजून पूर्ण परतलेली नाही. पण परवा हात धुताना ती थबकली आणि हळूच म्हणाली, "साबण?" साबणच होता.

मित्रांनो, मला घरी लावायचे असेल, तर तळ काढलेले जुने पिंप जमिनीत पुरून त्यात लावा, म्हणजे मी खोल जाईन, पसरणार नाही. माझ्यावर यंत्र फिरवू नका. किसताना खिडक्या उघड्या ठेवा. आणि एखादा माणूस किंवा वस्तू निकामी झाली असे म्हणण्याआधी, तिच्यात अजून काय जागे आहे ते नीट तपासून पाहा. मी हे अनुभवाने सांगतो. मला तर किती वेळा मोडीत काढले!

यंदा माझा उरलेला तुकडा भावाने स्वतः लावायला घेतला. पिंपाशी गुडघे टेकून त्याने तो दोन्ही बाजूंनी निरखला.

"ताई, सपाट बाजू वर ना?"

"हो," ताई मागच्या पायरीवरून म्हणाली. "आणि हळू, हळू."